निपाणीहून आलेलं आरशाचं कपाट

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आतेबहिणीचा फोन आला. "दादा, कॅम्पात जुन्या सामानाच्या एका दुकानात आरशाचं कपाट बघून आलोय. शिसवी आहे, साहेबाच्या बंगल्यातलं, दीडशे वर्षांचं, असं तो सांगूलाय. पंच्याऐंशी हजार म्हणतोय. तू एकदा येऊन बघ की."

ताईचं घर बेळगावात, शहापुरात, गल्लीतलं जुनं, मातीच्या भिंतींचं. भावोजी निवृत्त झाल्यावर त्यांनी वरची खोली नीट करून घेतली आणि तिथं झोपायची व्यवस्था केली. खोलीत एक मोठं लाकडी कपाट हवं, ही ताईची फार दिवसांची हौस. मी वडिलांपासून चालत आलेलं फर्निचर दुरुस्तीचं काम करतो, म्हणून असे फोन मला येतात. बहुतेक वेळा कपाट घरात येऊन पडल्यावर येतात. ह्या वेळी पैसे द्यायच्या आधी आला, म्हणून ही खरेदी सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहून ठेवावीशी वाटली.

आधी आमच्याच घरातली एक गोष्ट सांगायला हवी. आजोबांचं असंच एक तीनदारी कपाट होतं. १९९६ साली आम्ही गल्लीतलं घर सोडून वडगावला गेलो, तेव्हा ते जिन्याच्या वळणावर अडकलं. वडील त्या दिवशी परगावी. हमालांनी दोन तास झटापट केली, शेवटी कुणीतरी करवत आणली आणि वरचा वीतभर भाग कापून काढला. तो तुकडा उलटा केला तर खालच्या अंगाला चार लाकडी खुंट्या. म्हणजे माथ्याचा तो नक्षीचा भाग नुसता वर ठेवलेला होता. दोघांनी दोन बाजूंनी उचलला असता तर अलगद निघाला असता. मी वीस वर्षांचा, तिथंच उभा होतो, आणि मला ते माहीत नव्हतं. वडील परत आल्यावर कुणाला काही बोलले नाहीत. तो तुकडा मांडीवर घेऊन बराच वेळ बसले.

तेव्हापासून मोठं कपाट दिसलं की मी आधी हेच बघतो, की हे सुटं कसं होतं. ही कपाटं सुटी होण्यासाठीच केलेली असतात. खाली पायथा, त्यात ड्रॉवर. त्यावर दोन बाजू आणि मधले पडदे, म्हणजे कप्पे पाडणाऱ्या फळ्या, उभे राहतात, मागं फळ्यांची चौकट लागते, वर छत, आणि सगळ्यात वर माथ्याची पट्टी, जिला आमच्या वर्कशॉपात मुकुट म्हणतात. हे सगळं खुंट्या आणि मोजक्या जाड स्क्रूंवर उभं असतं. युरोपातही मोठी कपाटं अशीच करायचे. १८१८ साली इंग्रजांनी बेळगावचा किल्ला घेतला, पुढं छावणी वसली, आणि छावणीत दर दोन-तीन वर्षांनी माणसं बदलणार. बदली झाली की सामानाचा लिलाव, आणि कपाट ह्या बंगल्यातून त्या बंगल्यात. तीच घडण बघून आमच्या सुतारांनी सावकारांसाठी, व्यापाऱ्यांसाठी कपाटं केली. पलीकडं गोवा जवळ. अलमारी हा शब्दच मुळात पोर्तुगीजांकडून आलेला. मग १९२३ साली गोदरेजनं पोलादी कपाटं करायला सुरुवात केली, आणि पुढं आमच्याकडं लग्नात लोखंडी तिजोरी, म्हणजे तेच पोलादी कपाट, द्यायची रीत पडली. लाकडी कपाटं माळ्यावर नाहीतर परसात गेली. आता तीच पॉलिश होऊन दुकानात आलीत.

दुकानात

दुसऱ्या दिवशी तिघं गेलो. कपाट दिसायला देखणं होतं, हे आधी कबूल करतो. रुंदी सहा फूट, उंची मुकुटासकट अठ्ठ्याऐंशी इंच, खोली वीस. मधल्या दाराला उभा आरसा, दोन्ही बाजूंना कोरीव दिलं, म्हणजे चौकटीत बसवलेली फळी, असलेली दारं, खाली दोन ड्रॉवर. रंग गडद, जांभळट तपकिरी. दुकानदार कानडी-मराठी मिसळून भरभर बोलत होता. "प्युअर बीटे आहे सर." बीटे म्हणजे कानडीत शिसव.

मी डाव्या कोपऱ्यात हात घालून पायथा किंचित उचलून बघितला. उचलला गेला. शिसव घनफुटाला चोवीस किलोच्या आसपास भरतं, सागवान अठरा-साडेअठरा. एवढ्या कपाटाला आठ-नऊ घनफूट लाकूड लागतं. म्हणजे सागवानाचं असेल तर दीडशे-एकशे साठ किलो, शिसवाचं असेल तर दोनशेच्या आसपास, आणि आरसा वेगळा. हाताला जे वजन लागलं ते सागवानाचं वाटलं. पण हातावर किंमत ठरवू नये, म्हणून ड्रॉवर काढायला सांगितला.

कपाटाचं सगळं बोलणं ड्रॉवरमध्ये असतं. दर्शनी बाजू पॉलिशवाल्याची, ड्रॉवरची पाठ सुताराची. उलटा केला. तळाच्या फळीवरून बोटं आडवी फिरवली तर बारीक लाटा लागल्या, त्या हातरंध्याच्या. पाठीमागच्या कच्च्या लाकडावर सोनेरी तपकिरी रंग, तेलकट गुळगुळीतपणा, आणि नाक लावलं तर जुन्या चामड्यासारखा वास. फळीच्या काटछेदावर खिशातलं भिंग धरलं. सागवानात वर्षाच्या कड्याला मोठ्या छिद्रांची ओळच्या ओळ दिसते; शिसवात छिद्रं विखुरलेली असतात. इथं ओळी होत्या. मग परवानगी घेऊन कापसाला स्पिरिट लावलं आणि ड्रॉवरच्या आतल्या कडेला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, हलकं चोळलं. कापूस तपकिरी-जांभळा झाला आणि खालून पिवळसर सागवान वर आलं. स्पिरिटनं विरघळलं म्हणजे पॉलिश चपड्याचं, लाखेचं, आणि रंग त्या चपड्यात कालवलेला. मेलामाइन किंवा पीयू, ही आजची पॉलिशं, असती तर स्पिरिटला दाद दिली नसती.

ताईचा चेहरा उतरला. तिला वाटलं फसवणूक झाली, संपलं. मला तसं वाटलं नाही. उत्तम जुनं सागवान ही कमी प्रतीची वस्तू नाही. त्याला शिसवाचा रंग फासायची गरजच नव्हती.

तेवढ्यात भावोजींनी ड्रॉवरच्या कोपऱ्यातली भुकटी दाखवली. "कीड आहे हो ह्यात." सांध्याच्या फटीत तपकिरी भुकटी साठलेली होती. मी चिमटीत घेऊन चोळली. भुंग्याची भुकटी पिठासारखी असते, बोटाला मऊ लागते, रंग फिका. ही भरड होती, गडद होती, आणि वास ओळखीचा. तंबाखू! निपाणी भागातल्या जुन्या घरांतल्या लाकडी सामानात हा वास मी कितीदा घेतलाय. मी दुकानदाराला सरळ विचारलं, "निपाणीकडून आलंय काय हे?" तो थोडा थांबला, मग म्हणाला, "हां सर, वाडा पाडला, तिथलं." साहेबाचा बंगला त्यानंतर बोलण्यात आला नाही. मला विचाराल तर तंबाखूच्या पेठेतल्या वाड्याचं कपाट म्हणून त्याची गोष्ट जास्त चांगली आहे, आपली आहे.

वयाचं काय

दीडशे वर्षं हा आकडा कशावरून, हे विचारल्यावर दुकानदारानं ड्रॉवरच्या कोपऱ्यातले डव्हटेल, म्हणजे दातात दात अडकवलेले सांधे, दाखवले. दात एकसारखे नाहीत, हातानं कापलेले, म्हणून जुनं. इथं बरेच जण चुकतात. युरोपातल्या फर्निचरबद्दल हा ठोकताळा चालतो, कारण तिकडं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी यंत्रानं डव्हटेल कापू लागले. आपल्याकडं माझ्या वडिलांनी आयुष्यभर हातानंच कापले. त्यामुळं हातचं काम हा जुनेपणाचा पुरावा इथं धरताच येत नाही.

त्यापेक्षा स्क्रू बरे. दारांच्या पितळी बिजागऱ्यांचा एक स्क्रू काढला. सरळ खाचेचा, टोक अणकुचीदार. यंत्रावर केलेले असे टोकदार स्क्रू १८५०च्या सुमारास रुळले. त्याआधीचे बोथट टोकाचे असत. म्हणजे कपाट त्याच्या अलीकडचं. अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचा स्क्रू दिसला तर तो १९३०च्या दशकानंतरचा, हे पक्कं. असे दोन स्क्रू मला सापडले, दोन्ही उजव्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात. ही नोंद मनात ठेवली.

आरसा मात्र मूळचा वाटला. कडेच्या उतारावरून अंगठा फिरवला तर उतार रुंद आणि इतका सौम्य, की कुठं सुरू होतो ते कळत नाही. नवीन आरशाला ती कडा बोटाला टोचते. तिरकं बघितलं की खिडकीचे गज किंचित लहरत. खालच्या कडेला काळे डाग. पाठीची फळी सरकवून पाहिलं, मुलामा चांदीचा होता. त्याआधीचे आरसे कथील आणि पाऱ्याचे असत. तसला आरसा निघाला तर खरवडायचा नाही, हातही जपून लावायचा. चांदीची रीत १८३५ साली जर्मनीत लीबिग ह्या रसायनशास्त्रज्ञानं शोधली आणि बाजारात यायला पुढं काही दशकं गेली.

सगळं धरून मी ताईला म्हटलं, विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांतलं समज. शंभरीच्या अलीकडं-पलीकडं. १९७२च्या पुरावस्तूंच्या कायद्यात अशा वस्तूंना शंभर वर्षांची अट आहे. दुकानातला अँटिक हा शब्द काही त्या कायद्याला विचारून लावलेला नसतो.

उजवी बाजू

आता खरी अडचण. मी कपाट भिंतीपासून दीड हात पुढं ओढायला लावलं. दुकानदार नाखूश होता, पण ओढलं. मोठं कपाट पाठीमागून न बघता कधीही घेऊ नये. ज्याला ते ओढू द्यायचं नाही, त्याच्याकडं पुढं बोलूच नये.

मागं, डाव्या बाजूच्या पायाशी, पटाशीनं मारलेल्या दोन रेघा होत्या. पायथ्याच्या ज्या खाचेत ती बाजू बसते, तिथंही दोन रेघा. मधल्या पडद्याला तीन, त्याच्या खाचेला तीन. ही सुताराची खूण: सुटं केलं की कोणता भाग कुठं जातो ते कळावं म्हणून. उजवीकडं पायथ्याच्या खाचेत चार रेघा होत्या. उजव्या बाजूच्या फळीवर एकही नाही.

बॅटरी घेऊन खाली बसलो. उजव्या फळीच्या आतल्या अंगावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं होती, आणि त्याशिवाय लांबट उघडे चर, कुणी सुईनं कोरल्यासारखे, पॉलिशच्या खाली. हे चर बघायला शिकावं. भुंगा लाकडाच्या आत बोगदा करत फिरतो आणि बाहेर पडताना पृष्ठभागाला गोल भोक पाडतो. बोगदा आडवा उघडा पडलेला दिसत असेल, तर त्याचा अर्थ कीड लागल्यानंतर ते लाकूड चिरलं, रंधलं. म्हणजे ही फळी दुसऱ्या कसल्यातरी किडक्या मालातून काढून, ह्या कपाटाला लावून, वर रंग दिलेला. सागवानाचा गाभा भुंग्याला सहसा दाद देत नाही. ही फळी सागवानाची नव्हतीच. अधिकच्या खाचेचे ते दोन स्क्रू इथलेच. ह्याचं त्याला आणि त्याचं ह्याला.

भोकांच्या तोंडाशी पांढुरकी, पिठूळ भुकटी होती. ती जुनीही असू शकते. कपाट हलवलं की जुन्या भोकांतूनही गळते. म्हणून मी भुकटी झटकून खाली काळा कागद घातला आणि दुकानदाराला सांगितलं, आठ दिवस हलवू नका. आठ दिवसांनी गेलो तर कागदावर चिमूटभर ताजं पीठ. कीड जिवंत होती.

मुकुटाचीही तीच तपासणी केली. तो मूळचाच निघाला: चार खुंट्या, चार भोकं, आणि खुंट्यांच्या डोक्यांवर इतक्या वर्षांच्या घर्षणाची चकाकी. एका ड्रॉवरची खालची कड तीन सूत झिजलेली होती आणि ज्या पट्टीवर तो सरकतो ती नवी. ते मी दोषात धरलं नाही. शंभर वर्षं ओढलेला ड्रॉवर झिजणारच, आणि कुणीतरी शहाण्या माणसानं पट्टी बदलली होती.

सौदा

मी दुकानदाराला आवाज न चढवता एकेक गोष्ट दाखवली. लाकूड सागवान, बाजू बदललेली, बदललेल्या बाजूत कीड. बाकी कपाट अस्सल. तो म्हणाला, "मला असंच आलं सर," आणि ते खरंही असेल. बेचाळीस हजारांवर ठरलं. बिलावर 'शिसवी' न लिहिता 'जुनं सागवानी कपाट, उजवी बाजू नंतरची' असं लिहून घेतलं. ताईला ते लिहून घेणं जरा जास्तच वाटलं, पण उद्या तिच्या मुलीनं ते विकायला काढलं, तर घेणाऱ्याला खरं काय ते कळायला हवं.

ते वरच्या खोलीत मावेल की नाही, हा प्रश्न मात्र उरलाच होता. टेप घेऊन मी वर गेलो. तुळईखाली उंची नव्वद इंच. कपाट अठ्ठ्याऐंशी, म्हणून भावोजी म्हणाले, बसतंय की. उभं बसतं. पण आडवं आणलेलं कपाट उभं करताना त्याचा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा कर्ण तुळईखालून फिरायला लागतो, आणि अठ्ठ्याऐंशी बाय वीसचा कर्ण सव्वानव्वद इंच येतो. पाव इंचानं अडकलं असतं. मुकुट सहा इंचांचा. तो काढला की उंची ब्याऐंशी आणि कर्ण साडेचौऱ्याऐंशीच्या आत. मग उभं करून वर मुकुट बसवायला खुंट्यांपुरता इंचभर उचलावा लागतो, तेवढी जागा होती. आजोबांच्या कपाटाचा हिशेब त्या दिवशी जिन्यात कुणी असा केला असता, तर!

दुसरा प्रश्न कपड्यांचा. आत दांडी नव्हती, पितळी आकडे होते. आतली खोली जेमतेम अठरा इंच. आजचा हँगरच सतरा-अठरा इंच रुंद, वर शर्टाचे खांदे. त्याला आत बावीस इंच तरी हवेत. अशा वेळी बरेच जण पाठीच्या फळ्या कापून भिंतीपर्यंत जागा काढतात. ते कधी करू नका. छताखाली पुढं सरकणारी दांडी लावली, हँगर दाराकडं तोंड करून एकामागं एक अडकतात. भावोजींचे आठ शर्ट त्यात बसतात. उरलेल्या दोन कप्प्यांत ताईच्या साड्या, घडीच्या, आणि घडीला खोली हवीच कशाला. फळ्यांवर धुतलेलं जुनं मांजरपाट अंथरलं, रेशमाला लाकूड थेट लागू नये म्हणून.

उजवी बाजू नवी केली. नवी म्हणजे पाडलेल्या घराच्या दाराचं जुनं सागवान, पावसाळे बघून बसलेलं. मजुरीसकट अकरा हजार झाले. किडकी फळी दुकानातच सुटी करून बाहेर काढली, ताईच्या घराचा उंबरा तिनं ओलांडला नाही. आतल्या पॉलिश नसलेल्या लाकडाला बोरॅक्स-बोरिकच्या पाण्याचे दोन हात दिले. जांभळा रंग उतरवून साधं चपड्याचं पॉलिश केलं, आणि तेव्हा कुठं त्या दिल्यांतली सागवानाची रेघ दिसली. मधल्या दिल्याच्या कडेला सुतभर फिकी पट्टी उघडी पडलेली होती. उन्हाळ्यात दिलं आक्रसतं आणि चौकटीच्या खाचेतून थोडं बाहेर येतं, तिथं जुना रंग पोचलेला नसतो. पोऱ्या ती फट डिंकानं भरायला निघाला होता. त्याला थांबवलं. दिलं खाचेत मोकळंच राहायला हवं. चिकटवलं की पुढच्या उन्हाळ्यात मधोमध तडकतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कपाट सुटं करून, नऊ भागांत, जिन्यानं वर गेलं. एका भिंतीलाही खरचटलं नाही. दोन तास उभं करायला लागले. डाव्या बाजूला दोन रेघा, मधल्या पडद्याला तीन. उजव्या नव्या फळीवर मी पटाशीनं चार रेघा मारल्या आणि आतून पेन्सिलीनं साल लिहिलं.

श्रावणात ताईचा परत फोन. "दादा, डावं दार खाली घासतंय बघ. पावसानं फुगलं असणार. रंधा घेऊन ये." पाऊस त्या आठवड्यात खरंच थांबलेला नव्हता. मी रंधा नेला नाही. दार उघडून बघितलं, आरशाच्या दाराची वरची फट एकीकडं बारीक, एकीकडं रुंद झालेली. दार फुगलं असतं तर चौकट अशी वाकडी दिसली नसती. माळ्याची फळी वजनानं डावीकडं दबली होती. खिशातून सागवानाची एक पाचर काढली, पायथ्याच्या डाव्या कोपऱ्याखाली सारली आणि हातोडीनं दोनदा टुकटुक केलं. ताईनं दार लावून बघितलं. लागलं.